सोमालिया नावाची गाय

व्येर्खोल्झा, ९ ऑगस्ट १९७७

ग्लेब,

जिवंत आहेस ना? मी आहे. गुडघा सोडला तर बाकी ठीक. आता मुद्द्याचं.

मंगळवारी धारांच्या आधी नेहमीसारखा बायकांना पेपर वाचून दाखवला. चौथी शिकलेल्या बाईला पार्टीनं हे काम का दिलं ते पार्टीलाच ठाऊक. पण बारा वर्षं झाली, आवाज मोठा आहे माझा, गायींच्या वरताण जातो. तर पेपरात होतं, की सोमालिया आणि इथिओपिया यांच्यात चकमकी चालल्यात, दोघांनी शांततेनं घ्यावं. ग्लाफिरानं विचारलं, यातलं आपलं कोण? मी म्हणलं, दोघंही. मग ती म्हणाली, आपले आपल्यातच कसे काय भांडतात? मी बादल्या उचला म्हणलं, उशीर होतोय.

तू चार वर्षं त्या सोमालियावर पुस्तक लिहितोयस, तुला माहीत असणार. चार ओळीत कळव, लांबण नको. आणि इथं प्रश्न नुसता पेपरचा नाही. आमची पद्धत विसरला नसशील. एखादा देश आपल्या बाजूला आला अशी बातमी आली, की त्या आठवड्यातल्या कालवडीला त्याचं नाव. इजिप्त आटली. क्यूबा म्हातारी झाली तरी अजून लाथ मारते. अंगोला यंदा पाडी आहे. आणि सोमालिया, सात वर्षांची, दिवसाला चोवीस लिटर, अख्ख्या फार्मात पहिली. क्रांतीच्या साठाव्या वर्षाचा मानाचा फलक लागणार आहे त्यावर तिचं नाव येतंय. खाली बारीक अक्षरात माझं, कारण धारा मी काढते.

तुझी तोंडी परीक्षा वीस डिसेंबरला ना? मी येणार. निळा झगा शिवायला टाकलाय. तू पाच वर्षांचा असताना तुझी आई तुला माझ्या ओटीत टाकून गेली, तेव्हा तिच्या वतीनं कुणीतरी बसायला पाहिजे तिथं.

खारवलेल्या अळंब्यांची बरणी गाडीच्या कंडक्टरणीकडं दिलीय, डबा सात. बरणी परत पाठव.

कपितोलीना मावशी


मॉस्को, २४ ऑगस्ट १९७७

प्रिय मावशी,

अळंब्या पोचल्या. वर्सामेनं अर्धी बरणी एका बैठकीत संपवली. वर्सामे म्हणजे माझ्या खोलीतला सोमाली, गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडं आला होता तो. तुझ्या गायीबरोबर काढलेला फोटो त्यानं घरी पाठवला होता. त्याची आई कळवते की जनावर चांगलं आहे, फक्त मान फार आखूड.

आता तुझ्या चार ओळी. जगाकडं तराजू म्हणून बघ. एका पारड्यात भांडवलदार, दुसऱ्यात आपण. अमेरिकेतले लोक त्यात तोफा आणि रॉकेटं मोजतात. आपण मोजतो कामगार, शेतकरी, गुलामीतून सुटलेले देश, म्हणजे थोडक्यात इतिहास कुणीकडं चाललाय ते. आणि तो एकाच दिशेनं चालतो. व्हिएतनाममधून अमेरिका गेली, अंगोला आलं, मोझांबिक आलं. ते आपल्याशी शांततेची बोलणी करतात ती काही प्रेमापोटी नाही. पारडं कुठं झुकलंय ते त्यांनाही दिसतंय. एकदा समाजवादाच्या वाटेला लागलेला देश मागं फिरत नाही. माझ्या प्रबंधाचं नावच ‘सोमालियाची समाजवादाकडची न परतणारी वाटचाल’ असं आहे.

आणि लढाया होतात त्या नफ्यासाठी, मालकीसाठी. मालक हटला की लढायचं कारणच उरत नाही. हे भांडण म्हणजे जुने साहेब जाताना नकाशावर ज्या रेघा ओढून गेले, त्यांचं दुखणं आहे. माझे गाईड म्हणतात दोन महिन्यांत मिटेल. त्यामुळं बाजू कुणाचीच घ्यायची नाही. दोघंही आपल्याच पारड्यात.

प्रबंधाच्या सारांशाची पुस्तिका छापून आली. शंभर प्रती. एक तुला पाठवतोय, पहिल्या पानावर माझं नाव आहे. बाकी नाही वाचलंस तरी चालेल.

तुझा ग्लेब


व्येर्खोल्झा, २ ऑक्टोबर १९७७

ग्लेब,

पुस्तिका वाचली. सगळी. दोनदा झोप लागली, पण वाचली.

तराजूचं बायकांना सांगितलं, त्यांना आवडलं. मला नाही आवडलं. चाळीस वर्षं दूध मोजतेय मी. ज्याचं पारडं एकाच बाजूला जातं तो तराजू आम्ही दुरुस्तीला पाठवतो.

आणि मालक नाही तिथं भांडण नाही, हे कुणी शिकवलं तुला? अडुसष्ट साली नदीपलीकडच्या कुरणावरनं आपल्या फार्मची आणि शेजारच्या फार्मची जुंपली, तेव्हा तू सैन्यात होतास. दोन्ही फार्म सरकारी. दोन्हीकडं पार्टी, दोन्हीकडं लाल झेंडा. आपला पार्टीचा चिटणीस सवेली फोमिच, एरवी कोंबडीला हुसकत नाही, त्यानं दाताळं हाणून त्यांच्या चिटणीसाचा दात पाडला. पुढच्या सोमवारी दोघं जिल्ह्याच्या बैठकीला एकाच बाकावर. लढायला मालक कशाला लागतो? गाय लागते, गवत लागतं, आणि ते गवत कमी असावं लागतं.

तेव्हा मला हे सांग, की त्या लोकांकडं गवत कुणाकडं आहे. तुझ्या पुस्तिकेत कारखाने आहेत, सहकारी संस्था आहेत, साक्षरता आहे, पानंच्या पानं. गवताचं एक अक्षर नाही. वर्सामे म्हणला होता की त्याच्या काकाचे उंट पावसाळ्यात कुठं लांब जातात. कुठं जातात? विचार त्याला.

पेपर आता या लढाईला लढाई म्हणतोय. दोन महिने झाले, मिटलं नाही. तुझ्या गाईडला नमस्कार.

झग्याचं माप जरा चुकलंय, काखेत आवळतो. हात वर करायची वेळ आली नाही तर चालून जाईल.

मावशी


मॉस्को, १८ नोव्हेंबर १९७७

प्रिय मावशी,

घाईत लिहितोय. परीक्षेची तारीख पुढं गेली. हॉलची डागडुजी निघालीये, कधी संपेल सांगता येत नाही. तू डिसेंबरात निघू नकोस, उगीच थंडीत हेलपाटा पडेल. मी बरा आहे. जेवण वेळेवर आहे.

तुमच्याकडं पेपर किती दिवसांनी पोचतो?

ग्लेब


व्येर्खोल्झा, २७ नोव्हेंबर १९७७

ग्लेब,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, मुलगी. अठ्ठावीस वर्षांचा माणूस पाच ओळींचं पत्र लिहितो आणि त्यात जेवणाचा विषय काढतो, म्हणजे मुलगी. शेजारणीशीही बोलले. म्हणलं, मॉस्कोची असणार, तिला आमचा हेल नको असेल म्हणून मला येऊ देत नाही. दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. तो राग मागं घेते.

मंगळवारी पेपर आला. बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात. सोमालियानं आपल्याशी केलेला करार फाडला, आपल्या माणसांना आठवड्यात देश सोडायला सांगितलं. मी वाचून दाखवलं. ग्लाफिरानं हळूच विचारलं, आपल्या ग्लेबचं पुस्तक त्याच देशावर ना? मी म्हणलं, बादल्या उचला.

तेव्हा मॉस्कोत डागडुजी कसली चाललीय ते मला कळलं.

बुधवारी सवेली फोमिच स्टूल घेऊन आला, फलकावरनं सोमालियाची पाटी काढायला. जिल्ह्यातनं फोन आला होता म्हणे, की असलं नाव मानाच्या फलकावर शोभत नाही, तिला इथिओपिया म्हणा. थोडं बोलणं झालं. सांगण्यासारखं काही नाही.

तू खरं ते लिही. मी तुझ्या नाकाचा शेंबूड पुसलाय, माझ्यापासनं काय लपवतोस?

मावशी


मॉस्को, १० डिसेंबर १९७७

मावशी,

बरं, खरं लिहितो.

चार वर्षांचं काम गेलं. शंभर पुस्तिका ग्रंथालयांत जाऊन बसल्यात. प्रत्येकीवर ‘न परतणारी वाटचाल’ आणि खाली माझं नाव. लोक कॉरिडॉरमध्ये भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करतात. बातमी आली त्या दिवशी मी गाईडकडं गेलो. म्हणलं, आपलं चुकलं. ते म्हणाले, नियम चुकत नाही, देश चुकतो. पुढं जातोय तो नियम. मागं गेला ते तात्पुरतं वळण. मी विचारलं, मग नियम खोटा ठरायला काय व्हावं लागेल? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, असले प्रश्न तरुण माणसानं प्रबंध मंजूर झाल्यावर विचारावेत.

मग त्यांनी वाट सुचवली. सोमालियाच्या जागी इथिओपिया घाल. तिथंही राजा गेला, जमिनी वाटल्या, समाजवाद जाहीर झाला. प्रकरणं तीच ठेवायची, नावं आणि आकडे बदलायचे. मार्चात परीक्षा, मंजुरीची हमी त्यांची. नाही केलं, तर संस्थेतली जागा जाते, आणि माझ्या पासपोर्टावरचा मॉस्कोत राहायचा शिक्का मार्चअखेर संपतो.

वर्सामे गेला. त्यांच्या सगळ्या मुलांना परत बोलावलं. जाताना मी त्याला पुस्तिका दिली होती, ती त्यानं पलंगावर ठेवली आणि म्हणाला, चांगलं लिहिलंयस, पण यात मी कुठं आहे? मी खूप शोधलं. तुझ्या गवताचं विचारायचं राहूनच गेलं होतं, ते तेव्हा विचारलं. काकाचे उंट पावसाळ्यात जातात ते इथिओपियाच्या हद्दीतल्या त्याच ओगादेनमध्ये, जिथं लढाई चाललीय. चार वर्षं एका खोलीत राहिलो आणि हे मला वसतिगृहाच्या जिन्यावर कळलं, त्याच्या हातात पेटी असताना.

काय करू सांग. तू सांगशील ते करीन.

ग्लेब


व्येर्खोल्झा, २० डिसेंबर १९७७

ग्लेब,

नाव बदल आणि मोकळा हो.

यात विचार करण्यासारखं काय आहे? तुझे गाईड म्हणतात तसं कर. कागद आहे तो. कागद कुणी वाचत नाही. मी वाचला, आणि मला दोनदा झोप लागली. इथिओपिया घाल, उद्या तो देश फिरला तर तिसरा घाल. तुझं नाव राहील, नोकरी राहील, शिक्का राहील. तुझ्या आईनं तुला ट्रॅक्टरवर बसवायला जन्म दिला नव्हता, आणि मी तुला चुलीच्या उजेडात पाढे शिकवले ते काही तू मानी म्हणून उपाशी मरावंस म्हणून नाही. यानं वर्सामेला काही इजा होत नाही. तो गेला.

ही पत्रं कुणी उघडून वाचत असेल तर त्यालाही सांगते, माझा भाचा शहाणा आहे, तो बदलेल.

माझं बरं चाललंय. मंगळवारी आता मोकळी असते, गुडघ्याला विश्रांती. पेपर ग्लाफिरा वाचते, अडखळत वाचते, पण वाचते.

उबदार मोजे पाठवलेत. घाल. नुसते ठेवू नकोस.

मावशी


मॉस्को, १५ जानेवारी १९७८

मावशी,

मोजे घातलेत. आता हे शेवटपर्यंत वाच, मध्ये रागावू नकोस.

तू सांगितलंस तसं बसलो. सोमालिया खोडलं, इथिओपिया लिहिलं. पहिलं पान, दुसरं, दहावं. कुठंच अडलं नाही. ‘कष्टकरी जनतेनं निर्णायकपणे निवड केली’, बसलं. ‘या देशाच्या येण्यानं जगातल्या शक्तींचा तोल आणखी आपल्याकडं झुकला’, तेही बसलं. चाळीस पानं झाली आणि मला एकही वाक्य बदलावं लागलं नाही, नुसती नावं. तेव्हा मी पेन खाली ठेवलं. यात सोमालिया कधी नव्हताच, मावशी. आम्ही तिकडं बघून आपलंच पारडं मोजत होतो. माणसं त्यात वजनं म्हणून होती. किलोचं वजन उठून चालायला लागलं तर दुकानदार जसा बघेल, तसे आमच्या संस्थेतले लोक नोव्हेंबरात एकमेकांकडं बघत होते.

तरी मी पुढं लिहिलं असतं. खरंच लिहिलं असतं, तुझी आज्ञा होती. पण गेल्या आठवड्यात ग्लाफिराचं पत्र आलं.

तिनं सगळं कळवलंय. सवेली फोमिच स्टुलावर चढला, तेव्हा तू स्टूल धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, “साठ सालापासनं तुला ओळखते फोमिच, उतर. दूध या नावानं दिलंय तिनं. वहीत दुसरं नाव लिहून काल दिलेलं दूध परत आचळात जाणार नाही.” मग बैठकीत विचारलं तेव्हाही तू हटली नाहीस. पेपर वाचायचं काम काढून घेतलं. फलकावरनं गायीबरोबर तुझंही नाव गेलं. आणि तू मला गुडघ्याला विश्रांती म्हणून लिहितेस.

मला म्हणतेस बदल, आणि तू एका गायीचं बदलेनास.

सोमवारी गाईडकडं जाऊन चाळीस पानं टेबलावर ठेवली. म्हणलं, हे दोन्ही देशांना बसतंय, म्हणून ते मी सादर करणार नाही. मला नव्यानं लिहायचंय, त्यांच्या कुरणांपासनं. ते चिडले नाहीत. चहा ओतला, साखर दोन खडे जास्त दिली. म्हणाले, तुझं बरोबर असेल, पण बरोबर असायला ही जागा नाही. त्यांनीच शब्द टाकून वोलोग्दाच्या रेल्वे तांत्रिक शाळेत मला मास्तरकी मिळवून दिली. एक मार्चपासनं. समाजशास्त्र शिकवायचं, आठवड्याला अठरा तास.

डॉक्टरबिक्टर काही होणार नाही मी. तुझ्या झग्याचं वाईट वाटतं.

ग्लेब


व्येर्खोल्झा, २८ जानेवारी १९७८

ग्लेब,

ग्लाफिराशी बोलणं बंद केलंय. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी सुरू करीन, कारण शेजारच्या गायीच्या धारा तीच काढते आणि तोंड फिरवून काम होत नाही.

तू गाढव आहेस. हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. मॉस्को सोडलंस. सरकारी कोट, ग्रंथालय, गरम पाण्याचा नळ. मी पत्र वाचलं आणि बर्फात जाऊन लाकडं फोडली, लागत नव्हती तरी फोडली.

तू लिहितोस, गायीचं बदललं नाहीस आणि मला बदल म्हणालीस. त्यात कोडं काय आहे? गायीसाठी हट्ट केला तर माझं काय जाणार होतं? एकसष्ट वर्षांची बाई मी. पाटी गेली, मंगळवार गेला. धारा काढायला तर मलाच बोलवावं लागतं, दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडत नाही. माझ्या हट्टाचं मोल मी देऊ शकत होते म्हणून केला. तुझ्या बाबतीत मोल तू देणार होतास. ते मला परवडत नव्हतं. गाय फार्मची आहे. तू माझा आहेस. एवढंच होतं ते, यात विचारसरणी शोधू नकोस.

पण दिलंस. दिलंस ते दिलंस. आता त्याची रडगाणी नकोत. झग्याचंही नको, काखेत उसवलाय, वोलोग्दाला घालून येईन. तुझ्या शाळेत हॉल असेलच.

मार्चपर्यंत मॉस्कोत काय करणार आहेस? इकडं ये. छपरावरचा बर्फ काढायचाय.

आणि ऐक. काल धारा झाल्यावर बायका उठेनात. पेपरात आता रोज येतंय की सोमालिया मागं हटतोय, आपण इथिओपियाला मदत करतोय, क्यूबाचे लोक पोचलेत. कोण जिंकतंय ते सगळं येतं. त्यांच्यातल्या न्यूरानं विचारलं, तो पोरगा आला होता, गायीची मान आखूड म्हणणाऱ्या बाईचा, त्याच्या घरच्यांचं काय झालं? त्यांच्या उंटांचं? कुणाला माहीत नव्हतं. मी म्हणलं, आमच्या ग्लेबला माहीत असेल, चार वर्षं त्यांच्यावर लिहीत होता. आल्यावर सांगेल.

माहीत आहे ना तुला? नसेल तर पत्र टाक त्याला, उत्तर येईपर्यंत मी बायकांना थांबवते. चार वर्षं एका खोलीत राहिलात, पत्ता तर घेतलाच असशील.

मावशी


तार. मॉस्को, ६ फेब्रुवारी १९७८

पत्ता घेतला नाही. शनिवारच्या गाडीनं येतो. बायकांना मीच सांगेन. ग्लेब